मधल्या खुर्च्या

कार्तिक शुद्ध प्रतिपदा, दिवाळीचा पाडवा. संध्याकाळी वेळेवर निघायचं होतं, म्हणून मी दुपारीच फराळाचे रिकामे डबे घासायला घेतले. माझे यजमान बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही चालू, पण आवाज बंद. उन्हाळ्यापासून ते तसाच बघायचे.

उन्हाळ्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आजारासकट स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी भोक राहिलं. त्यावर मी शिवलेला मलमलचा रुमाल असतो. हनुवटीखाली दाबून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आम्ही आणलं. यांनी ते एकदाच लावून पाहिलं. त्यातून निघालेला घरघरता, एकसुरी आवाज ऐकला आणि डब्यात घालून कपाटात ठेवून दिलं. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात दिवस घालवून शनिवारी भजनी मंडळात गाणारा हा माणूस. दवाखान्यातून घरी आल्यावर पाटीवर लिहून दाखवलं होतं, "ज्या गळ्याने त्याचं नाव घेतलं, तोच त्याने घेतला. आता त्याचं माझं काही नाही."

मी वाद घातला नाही. देवापुढचा दिवा तेव्हापासून मी लावू लागले. फार भाव होता असं नाही. घरातलं एक काम राहू नये एवढंच. पण वात पेटली की एक मागणं आपोआप मनात यायचं. आवाज परत येणार नाही हे मला कळतं, तो मागत नाही. हा माणूस बोलता होऊ दे.

मंडळातल्या लोकांनी वाशीला दिवाळीनिमित्त होणाऱ्या भक्तिगीतांच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं पाठवली होती. यांनी मान हलवून नाही म्हटलं. ओवाळून झाल्यावर मी तबक खाली ठेवलं नाही. म्हटलं, "ओवाळणीत साडी नको. उठा, चप्पल घाला." निरुपायाने आले.

दाराजवळच्या कडेच्या खुर्च्या मी मुद्दाम सांगून घेतल्या होत्या. यांना खोकला आला तर पटकन बाहेर जाता येतं, आणि भैरवी सुरू होताच उठलं की गर्दीआधी गाडी निघते. जेमतेम टेकलो, तेवढ्यात एक मुलगी आजीला धरून आली.

"काकू, आजीला गुडघ्यांचा खूप त्रास आहे. आमच्या खुर्च्या मध्ये आल्यात. तुम्ही आत जाल का?"

"अगं, आमचंही कारण आहे..." मी म्हणेपर्यंत हे उठलेसुद्धा. मी मनातल्या मनात यांना, मुलीला आणि आजीला बोलून घेतलं आणि लोकांचे पाय चुकवत आत गेले.

यांच्या पलीकडे एक वयस्क मुसलमान जोडपं होतं. चाचांची पांढरी दाढी, गळ्याभोवती मफलर. मी लक्ष दिलं नाही. बाहेर कसं पडायचं याचाच विचार करत होते.

तिसरा अभंग गाताना गायिकेने एक सूर इतका हळुवार सोडला, की सभागृहात पंख्यांशिवाय काही ऐकू येईना. आणि त्या शांततेत आमच्या शेजारून मोठ्याने, सपाट, घरघरत आलं, "वाह!"

माना वळल्या. पुढे कुणीतरी हसलं. चाचांनी मफलरमधून हात खाली घेतला. हातात यंत्र होतं, आमच्या कपाटात आहे तसंच. गायिका थांबली, तिने त्यांच्या दिशेने हात जोडले आणि तीच ओळ पुन्हा गायली. हे मात्र गायिकेकडे बघत नव्हते.

मध्यंतरात चाची माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "दचकलात ना? सगळे दचकतात. आमी तळोज्याचे. हे मशीन आल्यापासून आधीपेक्षा जास्त बोलतात. भांडण लागलं की बॅटरी उतरू दे म्हणून मी दुवा मागते."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी, असं वाटलं.

चाचांचं लक्ष यांच्या रुमालाकडे गेलं. "तुमचं पण?" यांनी मान डोलावली. "मशीन?"

"कपाटात," मी सांगितलं.

चाचा आवाज न करता खांदे हलवून हसले. मग यंत्र दाबून एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आवाज वाईट आहे. माहीत आहे. पण एवढं चांगलं ऐकायचं आणि गप्प बसायचं? ते मला जास्त वाईट वाटतं."

यांनी गळ्यावरचा रुमाल सारखा केला.

भैरवी सुरू झाली तेव्हा मधून उठणं शक्यच नव्हतं. शेवटी नामाचा गजर धरला आणि सगळं सभागृह टाळ्यांवर गाऊ लागलं. तेव्हा यांनी मान न वळवता तळहात चाचांपुढे धरला. चाचांनी यंत्र त्यावर ठेवलं. एवढ्या गजरात मला काही ऐकू आलं नाही. पण आमच्या दोघांच्या खुर्च्यांमधल्या हातावर यांचं कोपर टेकलं होतं, आणि त्यातून बारीक थरथर माझ्या मनगटापर्यंत आली. ओठ वाचायला मी एव्हाना शिकले होते. विठ्ठल, विठ्ठल.

हे कुणी घडवलं, याची मी चिकित्सा करत नाही. आजीचे गुडघे, यांची कुणासाठीही उठायची सवय, चाचांचा छंद, प्रत्येकाला कारण आहे. मी एवढंच म्हणेन, की त्या संध्याकाळची सगळी व्यवस्था मी केली होती, आणि जे मिळालं ते माझी व्यवस्था मोडल्यावर मिळालं. त्यानंतर देवापुढे उभी राहते तेव्हा त्याला सूचना देणं मी कमी केलं आहे. पूर्ण थांबवता आलेलं नाही. जे आलं त्याबद्दल मात्र रोज हात जोडते.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी यांच्यापुढे चहा ठेवला आणि मी कणीक मळायला वळले. मागून घरघर ऐकू आली. काही कळलं नाही. "काय?" पुन्हा घरघर. मी हात धुऊन समोर जाऊन उभी राहिले. यांनी कपाटातून काढलेलं यंत्र हनुवटीखाली नीट बसवलं, भुवया आवळल्या आणि चिडून म्हणाले,

"साखर नाही."

ऑपरेशन झाल्यापासून जे पुढे येईल ते हे मुकाट्याने पीत होते. मी डबा काढला आणि दोन चमचे घातले.