पडायची प्रॅक्टिस

मिशिगनमधल्या नोव्हायमधला आमचा शेजारी एके काळी प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉल खेळायचा. आता रविवारी टीव्हीवर मॅचची कॉमेंट्री करतो, आणि अधूनमधून सीरियलमध्ये छोटी कामं. माणूस भलता बोलका. कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेतानाही स्वतःचीच कॉमेंट्री चालू. गुडघे मात्र पार गेलेत. दारातल्या तीन पायऱ्यासुद्धा कठडा धरून, तिरका होऊन उतरतो.

"सीरियलमध्ये मला दर वेळी मार खाऊन पडायचंच काम देतात," तो एकदा म्हणाला. "जन्मभर न पडायला शिकलो, आता पडणं जमत नाही."

म्हणून ऑक्टोबरभर तो लॉनवर जुनी गादी टाकून पडायची प्रॅक्टिस करत होता. नागपूरहून आलेली माझी आई खिडकीतून बघून खो खो हसायची.

डिसेंबरात आईच आमच्या ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरली. अँब्युलन्सवाले तिला तपासत होते, आणि हा समोर एक गुडघा बर्फात टेकून गप्प बसलेला. मला आधी रागच आला. मग आठवलं, मैदानात कोणी जखमी झालं की सगळे खेळाडू असेच बसतात, त्याला उचलेपर्यंत.

स्ट्रेचर अँब्युलन्समध्ये गेलं तेव्हा तो उठायला लागला, पण उठता येईना. शेवटी मेलबॉक्सचा खांब धरून उभा राहिला.

आईने स्ट्रेचरवरून ते पाहिलं. दार लागल्यावर माझा हात धरून म्हणाली, "तो पडायचा तेव्हा मी हसायचे रे."