डावरी सर्जन

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी सर्जन आहे आणि डावखुरी. घरात तिला सगळे डावरीच म्हणतात. सर्जरी शिकताना सरांनी तिला सारं उजव्या हाताने करायला लावलं, कारण कात्रीपासून उभं राहायच्या जागेपर्यंत सगळं उजव्यांच्या सोयीचं. ती शिकली, पण ऑपरेशनहून यायची ती परीक्षेहून आल्यासारखी.

शिक्षण संपताच, जिथे शिकली त्याच मोठ्या हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. दीर हुरळून गेले. गुरुवारी ती मात्र एका लहान हॉस्पिटलात गेली. तिथल्या सर्जनबाई निवृत्त होणार होत्या आणि आपल्या जागी कोणीतरी शोधत होत्या. त्यांनी तिला हर्नियाचं एक ऑपरेशन करून दाखवायला बोलावलं होतं.

संध्याकाळी ती आली ती चपलांसकट स्वयंपाकघरात.

"काकू, गॅस बंद कर आणि ऐक. थिएटरमधल्या सिस्टरनी विचारलं, डॉक्टर, कुठल्या बाजूला उभ्या राहणार?"

"मग?"

"मी म्हटलं, सर सांगतील तिथे! त्या म्हणाल्या, अहो, सर कुठले, ऑपरेशन तुमचं आहे."

मला हसू आवरेना. तीही हसत होती, आणि हात हवेत टाके घालत होता, डावा हात.

"मी पलीकडे जाऊन उभी राहिले. सिस्टरनी ट्रे फिरवला. बाई समोरून जखम उघडी धरून उभ्या, एका शब्दाने मध्ये पडल्या नाहीत. काकू, हात आपला आपण चालत होता गं. शेवटचा टाका घातला तेव्हा बाई म्हणाल्या, कधीपासून येताय? मला वाटलं, अजून एक हर्निया आणा कोणीतरी."

दीर दारात येऊन उभे होते. "त्या आडबाजूच्या हॉस्पिटलात तुला ओळखणार कोण?"

"पेशंट ओळखेल, बाबा. टाके त्याच्या पोटावर आहेत."

"इथे मोठ्या हॉस्पिटलात पाच वर्षांत नाव होईल."

"उजव्या हाताचं होईल. माझं कधी?"

"आम्ही घरात कधी डावं-उजवं केलं नाही," दीर कुरकुरले.

"म्हणून तर बाहेर जड गेलं मला."

तिने तिथेच ओट्याला टेकून मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. आभार मानले, नाही म्हणाली.

दीर खिडकीपाशी गेले, रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तिकडे जायला सकाळची पहिली बस कितीला आहे?"

ती ऐकतच नव्हती. तो हर्निया मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला तिने सुरुवात केली होती.