यजमानांच्या गळ्यातलं मंगळसूत्र

लक्ष्मीबाई नगरातल्या तमाम मराठी मंडळींना अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते, की माझ्या यजमानांनी भर दवाखान्यात माझं मंगळसूत्र आपल्या गळ्यात घातलं होतं. आणि ते त्यांना शोभत होतं!

गणपतीच्या मांडवात जिच्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो, ती मी. पण त्या वर्षी माझं बोलणंच आटलं. सकाळी जाग आली की वाटायचं, कशाला आली? गोळ्या घेऊन झाल्या, बदलून झाल्या. अंबाबाईपुढे बसावं, तर तिचाही चेहरा भिंतीसारखा. शेवटी डॉक्टरांनी फरीदाबादच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे डोक्याला चुंबकाचं यंत्र लावून मेंदूचा मंदावलेला भाग जागा करतात. चिरफाड नाही, भूल नाही.

खुर्चीत बसण्याआधी तिथली मुलगी म्हणाली, "आंटी, सारा मेटल उतार दीजिए। गले का भी।" कानातलं निघालं, पिना निघाल्या, मंगळसूत्रावर हात थबकला. यजमानांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून मी ते आंघोळीलाही काढलं नव्हतं. मी यजमानांना म्हटलं, "चला घरी."

"अगं, मी धडधाकट उभा आहे ना समोर!" यजमान विनवत राहिले. मी दारापर्यंत पोचलेसुद्धा.

बाकावर सुनेला घेऊन आलेल्या एक सरदारनी माताजी बसल्या होत्या. "जिसके लिए पहनती है, उसी के गले में डाल दे, पुत्तर। घर की चीज़ घर में।"

मी मागे फिरले आणि ते काढून यजमानांच्या गळ्यात घातलं. यजमानांनी मान वाकवली, लग्नातही वाकवली नव्हती इतकी.

यंत्र सुरू झालं. टकटकटक! सुतारपक्षीच डोक्यावर बसलेला. भीतीने जप आठवेना. मग म्हटलं, आई, सौभाग्य बाहेर बाकावर, डोकं इथे खुर्चीत. आता दोन्ही तूच सांभाळ. आणि आवळलेल्या मुठी सैल झाल्या.

पुढे कित्येक आठवडे मी तिथे जात राहिले, तेव्हा कुठे हळूहळू उजाडलं. ते श्रेय डॉक्टरांचं. पण त्या दिवशी मला दारातून परत फिरवणारं कोण होतं, हे मी ठरवत बसत नाही. मूठ उघडल्याशिवाय हातावर प्रसाद पडत नाही, एवढं मात्र कळलं.

त्या दिवशी निघताना यजमान, मंगळसूत्रासकट, माताजींच्या पाया पडायला वाकले. माताजींच्या डोळ्यांपुढे काळे मणी लोंबले आणि सवयीने त्यांच्या तोंडून आशीर्वाद निघून गेला. माझ्या आयुष्यासाठी असं मागणं कुणी कधी मागितलं नव्हतं. कित्येक महिन्यांनी मी खदखदून हसले, कारण माताजी म्हणाल्या होत्या, "सदा सुहागन रह, पुत्तर!"