तंबूतली शेगडी

आशालता दिघे यांना पनवेलच्या बाजारात भाजीवालीसुद्धा सिस्टर म्हणायची. त्या एका रुग्णालयात परिचारिका होत्या आणि भाजलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला यायचं. हात हलका होता, आणि रुग्ण कळवळला तरी त्या घाई करत नसत. स्टोव्हचा भडका उडाला, असं प्रत्येक वेळी सोबतचं कुणीतरी सांगायचं. खरं काय झालं ते विचारत बसणं त्यांचं काम नव्हतं. कातडीला चिकटलेलं नायलॉन कात्रीने हळूहळू सोडवणं हे त्यांचं काम होतं.

त्यामुळे घरात नायलॉनला बंदी होती. काडेपेटी वरच्या फळीवर असायची. दिवाळीत दाराशी पाण्याची बादली भरून ठेवल्याशिवाय फुलबाजीसुद्धा पेटत नसे. थोरली रेवा अकरा वर्षांची होती, धाकटा सत्यजीत सात. शेजारची मुलं भुईनळ्यांवरून उड्या मारायची तेव्हा ही दोघं आईच्या शेजारी बादलीपाशी उभी असायची. रेवाला त्याची लाज वाटायची, आणि ते तिच्या तोंडावर दिसायचं.

कृष्णकांत, आशालताबाईंचे यजमान, रसायनीच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होते. कंपनीची बस पाताळगंगा नदीच्या कडेने जायची आणि खिडकीतून आपटा गावाजवळचा काठ दिसायचा. तिथे एक रात्र तंबू ठोकून राहावं असं त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. शेवटी त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात त्यांनी बोलून टाकलं. तंबू कारखान्यातल्या ट्रेकिंगवाल्यांकडून मिळणार होता. आपट्यात राहणाऱ्या कमळाकर नावाच्या सहकाऱ्याचं शेत नदीला लागूनच होतं, तिथे उतरायची परवानगीही झाली होती.

"आणि बार्बेक्यू करू," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी दुबईहून आलेल्या कुणाच्या तरी फोटोंच्या अल्बममधून उचलला होता.

"राहायचं इथवर ठीक आहे," आशालताबाई म्हणाल्या. "विस्तव कशाला? डबे घेऊन जाऊ."

"डबे तर रोजच खातो गं."

दोन दिवसांनी आशालताबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "शेगडी मी बघून घेणार. आणि तिच्याजवळ मी सांगेन तसंच वागायचं."

कमळाकरांच्या भावाकडे दुबईची शेगडी होती. चकचकीत, वर घुमटासारखं झाकण, खाली काटकुळे तीन पाय. आशालताबाईंनी तिला गुडघ्याने हलकेच ढकललं. शेगडी डुलली. "नको," त्या म्हणाल्या. मुंबईच्या एका दुकानात घडीची पत्र्याची मिळत होती. तिचा पत्रा पातळ होता आणि धरायच्या कड्या थेट निखाऱ्यांच्या वर येत होत्या. तीही नको. शेवटी उरण नाक्याजवळ एका वेल्डिंगवाल्याकडे मनासारखी मिळाली. बुटकी, जाड लोखंडाची, चारही पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले, दोन्हीकडे लाकडी मुठी. त्यांनी ती दुकानातच जमिनीवर ठेवून पायाने रेटली. मग एकाच बाजूला दोन विटा ठेवून कलंडते का ते पाहिलं.

"सिस्टर, शेगडी घेताय की जावई बघताय?" वेल्डिंगवाला म्हणाला.

कृष्णकांत मोठ्याने हसले. त्याही हसल्या, पण तिसरी वीट ठेवून झाल्यावर.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी ते आपट्याला पोचले. पाणी उतरलं होतं आणि काठाची वाळू कोरडी होती. तंबू जुन्या जाड कॅनव्हासचा, दाराला नाड्या असलेला होता. तो उभा राहिल्यावर आशालताबाईंनी वारा कुठून येतो ते पाहिलं, तंबूपासून बरंच दूर, ठिणग्या तंबूकडे उडणार नाहीत अशा अंगाला जागा निवडली, तिथलं वाळलेलं गवत उपटून टाकलं आणि शेगडी ठेवली. तिच्याभोवती काठीने वाळूत एक गोल रेघ मारली. "या रेघेच्या आत माझ्याशिवाय आणि बाबांशिवाय कुणी यायचं नाही." शेजारी पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं. कृष्णकांत पिशवीत रॉकेलची बाटली शोधत होते. ती त्यांना सापडली नाही, कारण ती पनवेललाच मोरीपाशी राहिली होती, आणि ती कुणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती. नारळाच्या शेंड्या आणि कापराच्या वड्यांवर कोळसे पेटले. वेळ लागला, पण पेटले.

बांगडे केळीच्या पानात भाजले, रताळी सालासकट निखाऱ्यात घातली. सत्यजीतने रेघेबाहेर बसून एक वांगं पंख्याने वारा घालून घालून भाजलं. संध्याकाळ उतरत गेली तसे कोळसे लाल दिसू लागले. आशालताबाई बसल्या होत्या. रोज त्या ज्या गोष्टीची निस्तरानिस्तर करत होत्या, तीच समोर शांतपणे जळत होती आणि कुणाला काही होत नव्हतं. त्यांनी हात पुढे करून शेकले.

रेवा त्यांच्याकडे पाहत होती. "आई, तू कधी अशी बसत नाहीस."

"कशी?"

"अशीच. नुसती."

झोपण्याआधी त्यांनी कोळशांवर पाणी ओतलं, राख ढवळून पुन्हा ओतलं, आणि हात लावून पाहिल्यावरच आत गेल्या.

पहाटे नदीवर धुकं होतं. थंडी अशी की सत्यजीतचे दात वाजत होते. त्याचा स्वेटर बाहेर दोरीवर राहून दवाने ओला झाला होता. आशालताबाई उठल्या, उरलेले कोरडे कोळसे पेटवले, चहा केला. कृष्णकांतांनी अर्धवट झोपेत चहा घेतला आणि पुन्हा पांघरुणात शिरले. शेगडीतली धग अजून चांगली होती. ज्वाळा नव्हती, धूर नव्हता, कोळशांवर करडी राख धरली होती. सगळं निवल्यासारखं दिसत होतं.

त्यांनी लाकडी मुठी धरून शेगडी आत आणली. खाली सपाट दगड ठेवला. कॅनव्हास शेगडीपासून हातभर दूर आहे ना ते पाहिलं, मुलांची पांघरुणं मागे सारली, पाण्याची बादली शेजारी ठेवली. फटीतून वारा येत होता म्हणून दाराच्या नाड्या बांधल्या. मग सत्यजीतला कुशीत घेऊन आडव्या झाल्या. तंबू उबदार झाला. बऱ्याच दिवसांत त्यांना इतकं सुख वाटलं नव्हतं.

"आई, डोकं दुखतंय," रेवा म्हणाली.

"नवीन जागा आहे. झोप नीट झाली नाही तुझी."

थोड्या वेळाने रेवा पुन्हा म्हणाली, "मळमळतंय." आशालताबाईंना ते ऐकू आलं. उठायला हवं असंही वाटलं. पण पाय आपले नसल्यासारखे जड होते, आणि ते जडपण वाईट वाटत नव्हतं. रेवा रांगत दाराशी गेली, नाड्या ओढल्या आणि बाहेर डोकं काढून ओकली.

उघड्या दारातून गार हवा तोंडावर आली. तेव्हा कुठे आशालताबाईंच्या डोक्यात काहीतरी जागं झालं. प्रशिक्षणाच्या वर्षी कुणीतरी शिकवलं होतं, बंद खोलीत कोळसा जाळू नये. वहीत उतरवून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्यांनी सत्यजीतला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. तो डोळे उघडत नव्हता, पण श्वास चालू होता. त्या परत आत गेल्या. कृष्णकांतांना हाका मारल्या, ते नुसतेच हुंकारले. त्यांच्या दोन्ही काखांत हात घालून त्यांना वाळूवर खेचताना त्या स्वतः दोनदा पडल्या.

दूध घेऊन येणाऱ्या कमळाकरांना लांबून वाटलं, ही मंडळी उन्हाला पडली आहेत. मग त्यांना सिस्टर गुडघ्यांवर बसून मुलाच्या गालावर चापट्या मारताना दिसल्या. ते तसेच पळत गेले आणि गावातला टेंपो घेऊन आले.

आशालताबाई ज्या रुग्णालयात काम करत, तिथेच चौघांना नेलं. ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत सत्यजीत ओकत राहिला, मग त्याने भूक लागली म्हणून सांगितलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी शेगडी आत कुणी नेली ते विचारलं.

"मी," आशालताबाई म्हणाल्या.

"हट्ट माझा होता," शेजारच्या खाटेवरून कृष्णकांत म्हणाले.

"तुमचा हट्ट बाहेर होता. आत मी आणली."

डॉक्टरांनी समजावलं. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. कोळसा निवत आला म्हणून तो निघायचा थांबत नाही. आशालताबाई माहीत असलेली गोष्ट नव्याने ऐकावी तशी ऐकत राहिल्या.

पुढे कितीतरी आठवडे आशालताबाई रात्री उठून खिडकी उघडी आहे ना ते पाहत. एकदा कृष्णकांतांना म्हणाल्या, "मी आयुष्यभर ज्वाळेवर डोळा ठेवला. ती विझली की माझ्या मते संपलं. कातडी जळत नाहीये ना, एवढंच बघत बसले."

"तू तरी काय काय बघणार?" ते म्हणाले.

त्यांना हे उत्तर पुरलं नाही, पण त्यांनी वादही घातला नाही. एक बदल मात्र घरात सगळ्यांना जाणवला. त्या आता आज्ञा द्यायच्या ऐवजी कारण सांगू लागल्या. रेवाने काही विचारलं तर "नको म्हटलं ना" असं न म्हणता थांबून विचार करू लागल्या. कधी "मला माहीत नाही, विचारून सांगते" असंही म्हणू लागल्या.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी वीटभट्टीवरची गोदा नावाची बाई तिच्या नवऱ्याला, अंकुशला, घेऊन आली. दोघं डोंगराकडच्या वाडीतली, भट्टीच्या हंगामापुरती खाली आलेली. अंकुशला उभं राहवत नव्हतं. बाईच्या कडेवरची पोर मलूल होती.

"काय खाल्लं होतं काल?" बाहेर नाव लिहून घेणाऱ्याने विचारलं.

"भात नि सुकट. मी बी तेच खाल्लं, मला काय नाय झालं."

आशालताबाई पुढे झाल्या. "तू कुठे झोपली होतीस?"

"दाराकडं."

"झोपडीत विस्तव होता?"

"व्हता की. भट्टीवरला कोळसा आणून ठिवला व्हता घमेल्यात."

त्यांनी तिघांनाही आत घेतलं आणि डॉक्टरांना हाक मारली. संध्याकाळी अंकुश उठून बसला. पोर दूध प्यायली. आशालताबाई गोदाला व्हरांड्यात घेऊन बसल्या आणि सगळं नीट सांगितलं, आपट्याचं स्वतःचंसुद्धा. गोदाने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, वाडीवर आमी जल्मभर घरात इस्तव ठेवला. तवा कुणाला काय झालं नाय."

"वाडीवरचं घर कशाचं आहे?"

"कारवीच्या काड्यांचं, फटीफटीतनं वारा येतो. भट्टीवर मुकादमानं प्लास्टिक दिलंय, ते चारी बाजूंनी बांधलंय. वारा नाय येत." तिने पोरीला पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "आग भाईर ठिवा म्हनता. मंग पोर काकडंल, त्याचं काय?"

आपल्या मुलालाही त्या दिवशी फक्त थंडीच वाजत होती, एवढंच आशालताबाईंना आठवलं.

सुट्टीच्या दिवशी त्या कृष्णकांतांच्या स्कूटरवर मागे बसून भट्टीवर गेल्या. कॉलनीतून गोळा केलेल्या चादरी आणि दोन जुन्या रजया मांडीवर होत्या. झोपडी आत वाकूनच शिरावं लागेल अशी होती आणि निळं प्लास्टिक जमिनीपर्यंत गच्च ओढलेलं होतं. अंकुश आणि कृष्णकांत यांनी मिळून ते छपराखाली दोन्ही बाजूंनी कापलं, हात जाईल एवढं. खाली दाराशीही फट ठेवली. शेजारच्या झोपड्यांतली माणसं बघायला जमली; कुणाला पटलं, कुणी नुसतंच पाहिलं. एका म्हाताऱ्याने थंडी तुम्ही नेणार का, असं विचारलं. आशालताबाईंनी त्याला एक रजई दिली. सगळ्यांना पुरतील एवढ्या रजया नव्हत्या, हे त्यांनाही दिसत होतं.

"पुढच्या रविवारी अजून आणते," त्या म्हणाल्या.

गोदाने बाहेर तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला होता. तिची पोर चुलीकडे सरकत होती. गोदाने न बघताच एका हाताने तिला मागे ओढलं. आशालताबाई चुलीजवळ उकिडव्या बसल्या आणि पोरीला त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. कृष्णकांत लांब स्कूटरपाशी उभे राहून मुकादमाशी काहीतरी बोलत होते. चहा व्हायला अजून वेळ होता.