सात पोती मुळं

त्या झुडपाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी पुन्हा पोतं घेऊन निघेल, आणि या हव्यासाची मला आता किळस आली आहे. माझ्या स्वतःच्या हव्यासाचीसुद्धा.

नव्वदीच्या दशकात बंगळुरात एका प्रयोगशाळेत मी पीएचडी करत होते. वडील इथल्याच सरकारी कारखान्यात इंजिनियर, त्यामुळे कन्नड मला लहानपणापासून येत होतं. सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मला त्या एकाच गुणावर घेतलं असावं. देवनहळ्ळीच्या पुढे एका खेड्यात एक बाई कावीळ उतरवायचं औषध देते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तिच्याशी गोड बोलायला कुणीतरी हवं होतं. मी गोड बोलले.

बाई पन्नाशीची, काटक. सगळं गाव तिला अक्का म्हणे, मीही म्हणू लागले. तिसऱ्या खेपेला ती मला गावामागच्या टेकाडावर घेऊन गेली. खडकांच्या आडोशाला गुडघाभर उंचीची झुडपं होती. एकेका झुडपाची चार-चार पानं खुडत ती पुढे सरकत होती.

"स्वल्प साकु," ती म्हणाली. थोडं पुरे. "आणि मुळाला हात लावायचा नाही, मगळे, लेकी. ते झाडाचं आहे."

मी ते वहीत लिहून घेतलं.

आता आमचं शहाणपण ऐका. अक्का द्यायची ती पानं. पण पानांतलं गुणकारी द्रव्य वेगळं काढल्याचा पेपर दुसऱ्याच कुणीतरी आधी छापून मोकळं झालं होतं. मग आम्हाला पानं काय चाटायची होती? सर म्हणाले, "मुळं बघ. मुळांवर अजून कुणी काही केलेलं नाही." वहीतलं ते वाक्य त्यांना वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझी मुदत संपत आली होती, हातात काही नव्हतं. मी मान डोलावली.

वनस्पती पुरवणाऱ्या एका माणसाला टेकाडाची खूण मीच सांगितली. सात पोती मुळं आली. आम्ही ती दळली, मेथेनॉलमध्ये भिजवली, गाळली, आटवली. उरलेला चोथा इमारतीमागे टाकला जायचा. पावसात तो कुजला, काळं पाणी सुटलं, माश्यांचे थवे बसू लागले. तो वास माझ्या केसांत आणि ओढणीत मुरला होता. कँटीनमध्ये वांगीबाताचा घास घेतला तरी तोच यायचा. आई म्हणायची, "आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर." डांबरासारख्या चिकट अर्कातून आठ महिन्यांनी एका कुपीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड उरली. काचेच्या बशीतल्या पेशींवर तिचा परिणाम चांगला दिसला. सरांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले, हे आठवलं की अजून तोंडाची चव जाते.

मग सर म्हणाले, आणखी मुळं लागतील. मी निघाले. कुपी पर्समध्ये टाकली होती, अक्काला दाखवायला. म्हणजे मिरवायलाच.

टेकाडावर नुसते खड्डे होते. एकही झुडूप शिल्लक नव्हतं.

अक्काच्या ओट्यावर वीटभट्टीवरचा एक मजूर आडवा पडला होता. डोळे हळदीसारखे पिवळे. उशाशी त्याची बायको बसली होती. अक्का सकाळपासून रान पालथं घालून नुकतीच परतली होती, रिकाम्या हातांनी.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "त्या मुळांचं काय केलंस?"

मी कुपी काढून दिली. तिनं ती उजेडात धरली.

"एवढंच?"

"यातच सगळा गुण आहे, अक्का," मी म्हणाले. जिभेला हाड नव्हतं माझ्या.

"सरी, बरं," म्हणत ती आत गेली आणि पाण्याचा लोटा घेऊन आली. "देणाऱ्यानं आधी स्वतः घ्यायचं, मग रोग्याला द्यायचं. मी तसंच करते. स्वल्प घे तू. मग याला देऊ."

ती पूड कशाकशात धुतली होती, ते मला ठाऊक होतं. अजून उंदरालासुद्धा दिली नव्हती. तो माणूस कोपरावर रेलून उठायला बघत होता. त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीला हात दिला.

"अक्का, हे अजून औषध नाही," मी म्हणाले.

ते त्या मजुराच्या बायकोलाही ऐकू गेलं. अक्कानं कुपी माझ्या हातावर ठेवली, वाकून लोटा त्या माणसाच्या ओठांना लावला आणि त्याला नुसतं पाणी पाजलं. आणि मी, सांगायलाही शिसारी येते, कुपीचं झाकण नीट बसलंय ना ते तपासत होते.