मोहाच्या फांदीवरची माळ

माझे बाबूजी गेले ते आमच्या बोडीच्या पाळीवर, मोहाच्या झाडाला टेकून. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव, पाळ म्हणजे त्याचा बांध. ती आमच्या आज्याच्या आज्यानं खोदली, हे बाबूजी येईल त्या पाहुण्याला सांगत, पाहुण्यानं विचारलेलं नसलं तरी. धान कापून झालं होतं, शेतात चिटपाखरू नव्हतं. दुपारी भाऊ बैल पाहायला गेला तर हे बसलेले. त्याला वाटलं झोपले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. साखर होती, बीपी होता, वय होतं. संशय घ्यावा असं त्यात काही नव्हतं, पण आमच्या घराण्यात माझी आत्या आहे.

आत्या बाबूजींची मोठी बहीण, देवरीला राहते. टीव्हीवर खुनाच्या मालिका पाहून पाहून तिला दूधवालासुद्धा संशयित दिसतो. ती बसनं आली, भावाच्या पायाशी बसून पोटभर रडली. मग चष्मा पुसून तिनं भावाकडे नीट पाहिलं आणि तिचं रडणं एकदम थांबलं.

"याच्या गळ्यातली माळ कुठी हाय?"

प्रश्न बरोबर होता, हे मला कबूल करावं लागेल. मी शाळेत होते तेव्हा बाबूजींनी तुळशीची माळ घातली, ती आंघोळीलाही काढली नाही. दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढताना नर्सनं माळ बाजूला करायला सांगितली, तर तिच्याशी भांडून घरी आले. माळ आली आणि आमच्या घरातून मासोळी गेली, मटण गेलं, अंडं गेलं. भावानं एकदा चोरून अंडी तळली तर बाबूजींनी अंड्यांसकट तवा उकिरड्यावर फेकला. अंडी कुत्र्यानं खाल्ली, तवा मायनं गुपचूप परत आणला. गावच्या भजनी मंडळाचे ते मुख्य. ऑम्लेट खाल्लं म्हणून एका भल्या माणसाला त्यांनी महिनाभर टाळ हातात घेऊ दिला नव्हता. अशा माणसाचा गळा मरताना मोकळा, आणि माळ भावाला सापडली ती मोहाच्या फांदीवर, दुहेरी करून नीट टांगलेली.

त्यात गळ्याभोवती एक पांढरी रेघ होती. आत्यानं तिच्यावर बोट ठेवलं.

"हा वळ पाहा. गळा दाबला हाय."

"आत्या, तिथं इतकी वर्षं माळ होती. ऊन नाही लागलं, म्हणून पांढरं दिसून राहिलं."

"ऊन नाही लागलं म्हनून मानूस मरते का?"

मी गोंदियात कपड्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसते, दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालते, पण आत्यासारखं गिऱ्हाईक अजून दुकानात आलेलं नाही.

दहन झालं, तरी आत्याचा तपास काही थांबला नाही. आणि तिला आरोपी मिळाला तो घरातच, माझी वहिनी. कारण काय, तर वहिनीला कोंबड्या पाळायच्या होत्या. आठ-पंधरा दिवसांपूर्वी अंगणात त्यावरून बाबूजी असे गरजले होते की अर्ध्या गावानं ऐकलं. त्यात ते गेले त्या दिवशी सकाळी वहिनीला पदराखाली काहीतरी झाकून पाळीवर जाताना एका बाईनं पाहिलं होतं. आत्यानं विचारलं, "काऊन गेली होतीस? पदराखाली का होतं?" वहिनी खाली पाहून म्हणाली, "काही नाही." मेल्या घरी असं उत्तर देतात का कोणी? झालं. आत्या येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागली, "कोंबडीपायी माझा भाऊ गेला." भेटायला येणाऱ्या बाया वहिनीच्या हातचा चहा नको म्हणू लागल्या.

माझा भाऊ म्हणजे देवमाणूस, म्हणजे कामाचा नाही. बायकोची बाजू घ्यावी तर आत्या, आत्याची घ्यावी तर बायको, म्हणून तो बैलांची बाजू घेऊन गोठ्यात बसला. वहिनीनं पिशवी भरून ठेवली. मला म्हणाली, "तेरवी झाली की मी माहेरी जातो, ताई. ज्या घरात माझ्या हातचं पानी चालत नाही, तिथं राहून काय करू?" ती गेली असती तर परत आली नसती, स्वभाव मला ठाऊक आहे. आणि मायचं तिच्याशिवाय एक दिवसही निभत नाही.

मायचं दुःख तर तिसरंच होतं. तिला गळ्याच्या वळाशी काही घेणं नव्हतं. त्या सकाळी तिनं बाबूजींना सलग तिसऱ्या दिवशी दोडक्याची भाजी वाढली होती. बाबूजींनी ताट सरकवलं, "बैलाले टाक," म्हणाले आणि चालते झाले. माय मागून बोलली, "नका जेवू. पाहू किती दिवस राहता." तेच तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. भिंतीला टेकून ती एकच घोकत बसायची, "उपाशी गेले वं. माझ्या बोलन्यानं उपाशी गेले." कोणी काही समजावलं तरी तिला ऐकू जात नव्हतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, आत्या तपास करते तर मीही करते. उठले आणि सरळ बोडीवर गेले. मोहाच्या बुंध्याला ढोली आहे, तिच्यात मुंग्यांची रांग जात होती. मी हात घातला तर स्टीलचा डबा. झाकण जरा उघडलं आणि ताबडतोब बंद केलं. तो वास वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यानं बारा दिवस झाकलेल्या डब्यातल्या झिंग्यांचा रस्सा हुंगला असेल त्याला कळेल, बाकीचे सुखी राहोत.

वहिनीला गोठ्यामागं गाठलं आणि डबा दाखवला. तिचा चेहरा पडला.

"कोनाले सांगू नका, ताई. मामाजींनी शपथ घातली हाय." मामाजी म्हणजे बाबूजी, तिचे सासरे.

"कशाची?"

"माळेचीच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्न होऊन आली त्याच वर्षी वहिनीनं माहेराहून आणलेले सुके झिंगे चोरून परतले होते. वासावर बाबूजी आले. तिला वाटलं आता आपला तवा जातो. बाबूजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "थोडे पाळीवर आनून दे." तेव्हापासून गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती डबा न्यायची. बाबूजी माळ काढून फांदीला टांगायचे, हात जोडायचे, पाठ फिरवायचे आणि जेवायचे. जेवण झालं की बोडीत चूळ भरून माळ परत गळ्यात. त्या दिवशी माळ परत घालायचं तेवढं राहिलं. कोंबड्यांवरून गरजले ते खरं, पण त्याच संध्याकाळी तिला सांगून गेले होते, "तू पाळजो, मी आनखी दोन डाव गरजन. माहा नाइलाज हाय."

"मग हे आत्याला का नाही सांगितलंस? खुनी म्हणून राहिली ती तुला."

"भजनातले लोक हसतील ना त्यांच्यावर. आन आईले का वाटंल? त्यांच्यापायी आईनं इतकी वर्षं तोंडाले मासोळी नाही लावली."

मी तिथंच शेणाच्या टोपल्यावर बसले आणि हसले. वहिनीला वाटलं मला बापाच्या जाण्याचं वेड लागलं. पण मी काय करू? माझी माय महिन्यातून एकदा डोळे दाखवायला गोंदियाला माझ्याकडे येते. तिचे डोळे ठणठणीत आहेत. ती येते, पिशवी ठेवते आणि विचारते, "आज बाजारात का आलं?" मग मी मासोळी आणते, ती स्वतः साफ करते, काट्यानिशी खाते आणि जाताना मला बजावते, "त्याइले नको सांगू. त्याइच्या माळेचा मान हाय." सासरा-सुनेची शपथ तिकडे आणि माय-लेकीची इकडे. दोघं जन्मभर एकमेकांसाठी दोडका खात बसली. रागही आला, दोघांचाही.

तेरवीला भाऊबंद जमले. आत्यानं भर ओसरीत विषय काढला. वहिनी पिशवी घेऊन दाराशी आली आणि तरीही तोंड उघडेना. आता माझ्याच्यानं राहवलं नाही. मी आतून डबा आणला आणि मायच्या पुढ्यात ठेवला. "हे वहिनीनं नेलं होतं. हेच पदराखाली होतं." आत्या मायवर ओरडली, "हात नको लावू वं, विष हाय त्याच्यात."

मायनं झाकण उघडलं. भाऊबंदांनी नाकाला गमछे लावले. मायनं मात्र डबा तोंडाशी नेला आणि शांतपणे म्हणाली, "झिंगे हायत. वांग्यातले. चिंच कमी पडली."

आत्यानं चष्मा वर केला. "तुले कसं कळलं वं?"

मायनं ऐकलंच नाही. ती वहिनीकडे पाहत होती. "जेवले का?"

"हो, आई."

"पोटभर?"

"भात दोनदा घेतला. तळाला जरासा रस्सा उरला, तेवढाच. म्हनाले, घरी जाऊन सासूले सांग, दोडका चांगला झालता. मी डबा ढोलीत ठेवला आन काड्या वेचाले गेलो. मांगून तिकडं जायची हिंमतच झाली नाही."

तेव्हा माय रडली. बाबूजी गेल्यापासून अशी ती पहिल्यांदाच रडली, आणि मी तिला धरून बसले आणि मलाही रडू आलं. आत्या उठली. मग वहिनीच्या हातातली पिशवी काढून घेत म्हणाली, "हे ठेव आत, आन मले चाय दे." आत्याकडून माफी म्हणून याहून जास्त कोणाला मिळालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, पाहुणे घरात असतानाच, मायनं वहिनीला झिंगे आणायला लावले. चिंच स्वतः घातली. बाबूजींच्या फोटोला आत्यानं तीच तुळशीची माळ घातली होती. मायनं ताट वाढून फोटोपुढं ठेवलं, मग थांबली. हात जोडले, माळ फोटोवरून काढली, दुहेरी केली आणि बाजूच्या खिळ्याला टांगली.

दारात आत्या उभी होती, भजनी मंडळ उभं होतं, निम्मा मोहल्ला उभा होता.

"जेवा आता," माय फोटोला म्हणाली. "कोनी पाहून नाही राहिलं."