अख्तरबीनं न घेतलेला आहेर

रहिमतपुरात मनुबाईच्या समोरच्या घरापुढं सकाळी टेम्पो लागला. शेजारीण अख्तरबी आज लेकाकडं सांगलीला निघाली होती, कायमची.

गेल्या साली मनुबाईचे मालक गेले. फौजेतला मुलगा दिवसकार्य उरकून परत सरहद्दीवर गेला, पाहुणेही पांगले. मनुबाईची चूल पेटेना. देवापुढं दिवा लावायचा, तांब्याभर पाणी प्यायचं आणि आडवं व्हायचं. असंच चाललं असताना एका दिवेलागणीला अख्तरबी चिंचेची पाटी घेऊन आली.

"मने, आमच्याकडं उजेड कमी हाय. हितंच बसते."

मनुबाई जप करी, ती चिंचोके काढी. समजुतीचा एक शब्द नाही. जप संपला की फडक्यातली भाकरी पुढं सरकवी. "अर्धी तरी खा. न्हाईतर मी बी उपाशीच उठते बघ." चिंचेचा हंगाम सरला, तरी अख्तरबी येतच राहिली. कधी निवडायला लसूण, कधी नुसतेच रिकामे हात.

अशा माणसाला तसंच कसं लावून द्यायचं? मनुबाईनं आठवड्यामागंच इरकली साडी आणून ठेवली होती. अख्तरबी निरोप घ्यायला आली तेव्हा तिनं ती ताटात ठेवून पुढं केली.

"भाभी, तुमचे लय उपकार झाले. एवढा आहेर घ्या, म्हंजे माझ्या मनावरचं ओझं उतरंल."

अख्तरबीनं हात मागं घेतला. "ओझं झाले व्हय मी तुला?"

"आवं, तसं न्हवं..."

"तसंच हाय. आहेर घेतला की फिटलं. सोयऱ्याधायऱ्यांचं फिटवत्यात असं. तू मोकळी, मी मोकळी. आन् मग सांगलीत तिसऱ्या माळ्यावर मला कोण इचारनार गं? मला न्हाई मोकळं व्हायचं."

बाहेर तिच्या लेकानं, मतीननं, हॉर्न वाजवला. "अम्मी, चला की! ऊन झालं."

"थांब रं! सोताच्या लग्नाला येवढी घाई केली न्हाईस कवा."

मनुबाईला हसू आलं आणि त्यातच रडूही. "मग मी करू तरी काय?"

"काय करू नगंस. ऱ्हाऊ दे माझं तुझ्याकडं." अख्तरबीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि मागं न बघता टेम्पोत चढली.

टेम्पो वळणाआड गेला. मनुबाई ताट हातात धरून उंबऱ्यातच उभी राहिली. समोर कडीला कुलूप. बऱ्याच वेळानं तिच्या तोंडून निघालं, "मी येते सांगलीला, भाभी."

गल्लीत ऐकायला कुणी नव्हतं.